अंगणातले पाडलेले पाइन चिरून फळ्या करून घ्याव्यात का? मोबाइल सॉमिल सर्व्हिसचा अनुभव (नॉर्थ कॅरोलायना)

केरी, एपेक्स, मॉरिसव्हिल ह्या पट्ट्यात ज्याने ज्याने घर घेतलंय त्याच्या मागच्या अंगणात पाइन असतोच, आणि एक ना एक दिवस तो पाडायची वेळ येतेच. मग झाड पाडणारा माणूस कोटेशन देताना विचारतो, ओंडके घेऊन जाऊ की इथेच ठेवू, इथे ठेवलेत तर पैसे कमी. आणि तिथून डोक्यात चक्र सुरू होतं, एवढं साठ-सत्तर फुटी सरळसोट खोड, त्याचा चुरा करून मल्च करायचा म्हणजे जिवावर येतं, फळ्या करून घेतल्या तर? ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांतून ह्याबद्दल विचारणा झाली म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे तीन पाइन होते. एक धडधाकट पण छपराच्या फारच जवळ, एक वादळात मुळासकट आडवा झालेला, आणि एक उभ्या उभ्या वाळलेला, ज्याच्या सुया तांबड्या पडून साल सुटायला लागली होती. तिन्ही लॉबलॉली जातीचे पाइन, इकडे नव्वद टक्के घरांमागे तोच असतो असं समजा. ह्या तिन्हींचं नशीब तीन तऱ्हेचं निघालं आणि रिव्ह्यूचा खरा भाग तोच आहे.

सर्व्हिस म्हणजे काय ते आधी सांगते. मोबाइल सॉमिल म्हणजे ओंडके चिरायची फिरती गिरणी. वुड-मायझर एलटी४० नावाचं आडव्या बँड सॉचं, म्हणजे पट्टी करवतीचं, मशीन असतं, ट्रेलरसारखं पिकअपला जोडून ते थेट तुमच्या ड्राइव्हवेवर येतं. हायड्रॉलिक हात ओंडका उचलून मशीनवर घेतात, फिरवतात, आणि ब्लेड पट्टीवरून सरकत जाऊन एकेक फळी काढतं. ३६ इंच व्यासाचा आणि २१ फूट लांबीचा ओंडका ह्यावर चढतो, घरच्या पाइनला ते भरपूर झालं. आमच्याकडे जे गृहस्थ आले त्यांचं नाव इथे देत नाही, कारण एकट्याचा धंदा आहे, वय सत्तरीच्या पुढे आहे आणि आहे तेवढं काम पुरे असं त्यांनीच सांगितलंय. पण प्रत्येक काउंटीत असे दोन-तीन जण असतात, विचारलं की सापडतात.

सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी पाच. चिरायला आले म्हणून नाही, अर्ध्या ओंडक्यांना त्यांनी हात लावला नाही म्हणून. आधी नुसते बघायला आले, त्याचे पैसे घेतले नाहीत, हातात टेप आणि मेटल डिटेक्टर, आणि पहिला प्रश्न हा की तुम्हाला फळ्या कशाला पाहिजेत. नवरा म्हणाला डेक करू, शेड करू, बघू. तर ते म्हणाले 'बघू' असेल तर मशीन बोलावू नका, काय करायचं ते ठरलं की कशा जाडीचं कापायचं ते ठरतं, नाहीतर अंगणात नुसता ढीग पडेल आणि दोन पावसाळ्यांत कुजेल. तासाने पैसे घेणारा माणूस हे सांगतो ह्याचं मला फार मोल वाटलं.

आता पैशाचं बघू, कारण सगळ्यांचा पहिला समज हाच असतो की झाड फुकट आहे म्हणजे लाकूड फुकट. तसं नाही. त्यांचा रेट ताशी शंभर डॉलरच्या आसपास, येण्या-जाण्याचे वेगळे, आणि लाकडात खिळा निघून ब्लेड गेलं तर त्याचे तीसेक डॉलर वेगळे. काही जण बोर्ड फुटावर घेतात, म्हणजे एक फूट बाय एक फूट बाय एक इंच एवढ्या लाकडाला अमुक इतके सेंट. आम्हाला सगळं धरून बोर्ड फुटाला डॉलरच्या जवळपास पडलं. आता होम डेपो किंवा लोज ह्या दुकानांत जाऊन टू बाय फोर, म्हणजे बांधकामाचा दोन बाय चार इंची दांडा, बघा, आठ फुटी साधारण चार डॉलरला मिळतो, त्यात सव्वापाच बोर्ड फूट लाकूड धरतात, म्हणजे पाऊण डॉलर फूट, आणि तेही वाळवलेलं, रंधा मारलेलं, ग्रेडचा शिक्का असलेलं. म्हणजे टू बाय फोर काढण्यासाठी झाड चिरणं हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार. मे २०२१ मध्ये लाकडाचे भाव आभाळाला भिडले होते, फ्युचर्स, म्हणजे वायदे बाजारातले भाव, हजार बोर्ड फुटाला सोळाशे डॉलरच्या वर गेले होते, तेव्हा सगळेच सॉमिलवाल्यांच्या मागे लागले होते आणि ती हवा अजून लोकांच्या डोक्यात आहे. आज ते गणित नाही.

पण रुंद फळी बघा. एक बाय बारा, आठ फुटी, दुकानात पंचवीस डॉलरच्या पुढे, आणि ती नावाला एक इंच, प्रत्यक्षात पाऊण इंच. अख्खी दोन इंच जाडीची बारा इंच रुंद फळी, किंवा आठ बाय आठचा खांब, किंवा एका बाजूला साल तशीच ठेवलेला जाड स्लॅब, हे तर दुकानात मिळतच नाही, खास यार्डात जावं लागतं आणि तिथे भाव ऐकून परत यावं लागतं. तिथे मात्र चिरून घेण्यात फायदा आहे. म्हणजे जे बाजारात स्वस्त मिळतं ते बाजारातूनच घ्या, घरच्या ओंडक्यातून रुंद आणि जाड तेवढंच काढा. हे त्यांनीच आम्हाला ड्राइव्हवेवर उभं राहून समजावलं.

आणि एक, हे लाकूड विकून झाड पाडायचा खर्च निघेल ही आशा सोडून द्या. पेपर मिल किंवा मोठी सॉमिल एका घरची दोन-तीन झाडं घेत नाही, त्यांना ट्रकच्या ट्रक लागतात, शिवाय अंगणातल्या झाडात कुणीतरी कधीतरी खिळा, हुक, बर्ड फीडरचा स्क्रू ठोकलेला असतोच आणि वर साल वाढून तो दिसेनासा होतो, त्यामुळे अंगणातलं झाड म्हटलं की ते नकोच म्हणतात. आमच्या धडधाकट पाइनमध्ये छातीच्या उंचीवर डिटेक्टर वाजला, आधीच्या मालकाने कपडे वाळत घालायची दोरी बांधली असणार, तेवढा दीड फुटाचा तुकडा त्यांनी चेनसॉने सरळ कापून बाजूला काढला.

ओंडक्यात किती माल निघेल ह्याचा इकडे एक जुना हिशोब आहे, डॉयल स्केल. ओंडक्याच्या बारीक टोकाचा सालीच्या आतला व्यास इंचात घ्यायचा, त्यातून चार वजा करायचे, उरेल त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले सोळा. अठरा इंची, आठ फुटी ओंडका असेल तर अठ्ठ्याण्णव बोर्ड फूट. बारा इंची असेल तर फक्त बत्तीस. व्यास दीडपट आणि माल तिप्पट, हे आधी लक्षात घ्या. बँड सॉचं ब्लेड पातळ असल्यामुळे भुसा कमी जातो आणि प्रत्यक्षात ह्यापेक्षा थोडं जास्तच मिळतं, बारीक ओंडक्यात तर डॉयल बराच कमी दाखवतो, पण बारा इंचाच्या खालचे ओंडके चिरून वेळच जास्त जातो. आमचे सगळे शेंड्याकडचे तुकडे त्यामुळे बाद झाले.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, तेव्हा इकडे आले होते. देवरुखच्या बाजूचं घर, सगळं दारं-चौकटींचं काम फणसाचं आणि सागाचं, त्यांनी स्वतः उभं राहून लाकूड चिरून घेतलेलं. त्यांनी पहिल्या ओंडक्यावर हात फिरवला, बोटाला चिकटलेला चीक हुंगला आणि म्हणाले, "अगं, हे तर खोक्यांचं लाकूड, ह्याचं काय करणार तुम्ही?" आपल्याकडे पाइनवुड म्हणजे मशिनरीच्या पॅकिंगची खोकी, पॅलेट, त्यामुळे मनात त्याची किंमत नाही. पण ते जे पांढरट मऊ लाकूड असतं ते आणि हे सदर्न यलो पाइन ह्यात फरक आहे, लॉबलॉली आणि लाँगलीफ दोन्ही ह्या यलो पाइनमध्येच येतात. लॉबलॉलीची कडकपणाची जांका संख्या ६९०, ईस्टर्न व्हाइट पाइनची ३८०, लाँगलीफची ८७०. इकडच्या घरांचे जॉइस्ट म्हणजे जमिनीखालच्या तुळया, छपराचे सांगाडे, डेक, बहुतेक सगळं ह्याच यलो पाइनचं. म्हणजे ताकदीत कमी नाही.

बाबांचा दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा होता. "वाळवी सोडणार नाही ह्याला." सागाच्या गाभ्यासारखं हे लाकूड टिकत नाही, मातीला लागलं की गेलं. जुन्या लाँगलीफ पाइनचा राळेने भरलेला लालभडक गाभा, ज्याला हार्ट पाइन म्हणतात, तो टिकायचा, त्याच्यावर इथली शंभर-दीडशे वर्षांची घरं उभी आहेत, त्याच राळेवर आणि डांबरावर ह्या राज्याचा धंदा चालायचा आणि टार हील (टार म्हणजे डांबर) हे इथल्या लोकांचं टोपणनावही त्यातूनच आलं. पण ती जंगलं जवळजवळ संपली. आपल्या अंगणातला चाळीस-पन्नास वर्षांचा लॉबलॉली म्हणजे मुख्यतः बाहेरचा पांढरा भाग, त्याला हार्ट पाइन समजून स्वप्नं बघू नका. घराच्या आत, किंवा बाहेर पण छपराखाली आणि जमिनीपासून वर, एवढंच.

बाबांनी अजून एक विचारलं होतं, कृष्णपक्षात तोडलंय का. आपल्याकडे लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावं म्हणजे भुंगा लागत नाही असं जुने लोक सांगतात. मी ते सॉमिलवाल्यांना सांगितलं तर त्यांनी मान डोलावली, म्हणाले आमच्या डोंगराकडच्या जुन्या लोकांतही चंद्र बघून लाकूड तोडायची रीत होती, पण मी तुम्हाला सांगतो, चंद्रापेक्षा थंडी बघा. पाइन थंडीत पाडला तर बुरशी आणि किडे दोन्ही झोपलेले असतात. उन्हाळ्यात पाडला तर घड्याळ लगेच सुरू होतं.

हे घड्याळ म्हणजे ब्लू स्टेन. उष्ण, दमट हवेत पाडलेला पाइन नुसता पडून राहिला तर थोड्याच आठवड्यांत बाहेरच्या पांढऱ्या भागात निळसर-करडी बुरशी शिरते. ओंडक्याच्या तोंडावर बघितलं तर पाइच्या तुकड्यांसारखे निळे त्रिकोण दिसतात. त्याने ताकद फारशी कमी होत नाही पण रंग कायमचा बसतो, रंधा मारून जात नाही, आत खोलवर असतो. आणि त्याच काळात किडे. इप्स नावाचे साल पोखरणारे बारीक बीटल, आणि सॉयर नावाचा लांब मिशांचा भुंगा, ज्याच्या अळ्या सालीखाली बसून इतक्या जोरात कुरतडतात की शांत संध्याकाळी ओंडक्याजवळ उभं राहिलं तर करकर करकर आवाज चक्क ऐकू येतो. हा आवाज मी आमच्या वाळलेल्या झाडात ऐकलाय, सालीच्या फटीतून लाकडाचा चुरा खाली गळत होता.

तर ते वाळलेलं झाड सॉमिलवाल्यांनी नाकारलं. सालीचा एक पापुद्रा सोलून आतली नागमोडी नक्षी दाखवली, मग खिशातला चाकू लाकडात खुपसला, तो अर्धा इंच सहज आत गेला. म्हणाले बीटलने नुकताच मारलेला असता तर निळ्या फळ्या मिळाल्या असत्या, आतल्या भिंतीला काही लोक मुद्दाम निळं मागतात, पण हा उभाच वाळून वर्ष झालंय, बाहेरचा भाग कुजायला लागलाय, आत जो बरा गाभा आहे तो सहा इंची, त्याच्यासाठी माझे पैसे देऊ नका. तो सगळा चिप करून झाडांच्या बुडाशी घातला.

वादळात पडलेल्याचं वेगळं. मुळं अर्धी जमिनीत असतील तर झाड आडवं पडूनही बरेच दिवस हिरवं राहतं, त्यामुळे ते लाकूड ताजं असतं, हा फायदा. पण मधूनच काडकन मोडलेला असेल तर मोडल्या जागेच्या वर-खाली कित्येक फूट आत बारीक तडे गेलेले असतात, फळी काढल्यावर ती हातात सुटते. वीज पडलेल्या झाडाचं तर विचारूच नका, तडा वरपासून खालपर्यंत गोल फिरत जातो. आमचा मुळासकट उपटलेला होता म्हणून बुडाकडचे दोन ओंडके चांगले मिळाले. मात्र मुळाची माती लागलेली होती, वाळू ब्लेडची धार घालवते, म्हणून आदल्या दिवशी नवऱ्याने प्रेशर वॉशरने सगळे ओंडके धुवून ठेवले. हे तुम्हीही करा, तासाचे पैसे वाचतात.

आता प्रत्यक्ष चिरायच्या दिवसाबद्दल. छपराजवळच्या पाइनचा बुडाचा ओंडका, साधारण वीस इंची, आधी घेतला. पहिल्या चार चिरीत चारी बाजूंची साल निघाली आणि मशीनवर चौकोनी, ओला, मधासारख्या रंगाचा ठोकळा राहिला, राळेचा वास शेजारच्या अंगणापर्यंत गेला आणि शेजारी बघायला आले. मग दोन इंची फळ्या काढायला सुरुवात केली. बाहेरच्या फळ्या एकदम सरळ, गाठी जवळजवळ नाहीत. मध्यावर आले आणि मला त्यांनी हाताने खूण करून जवळ बोलावलं, म्हणाले ही बघा आता. ब्लेड पुढे सरकत होतं आणि मागे सुटलेलं फळीचं टोक हळूहळू वर उचललं जात होतं, कुणी हात लावला नाही, आपोआप, फळी पूर्ण सुटली तेव्हा मध्ये चांगला अंगठाभर बाक. कारण वाढतानाचा ताण झाडाच्या आत अडकलेला असतो, चिरताना तो सुटतो. शिवाय झाड लहान असताना भराभर वाढलेलं असतं, मधल्या पहिल्या काही वर्षांच्या रुंद कड्यांचं लाकूड वाळताना लांबीतही आखडतं, जे चांगलं लाकूड सहसा करत नाही. त्यामुळे मधला गाभा फळ्यांत घ्यायचा नाही, तो एका जाड खांबात बंद करून ठेवायचा, चारी बाजूंनी लाकूड असलं की तो फार हलत नाही, वर तडे जातात पण खांब उभा राहतो. आमच्याकडे मग मधून सहा बाय सहाचे खांब निघाले आणि कडेने फळ्या. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर सगळं एकाच जाडीत कापून मोकळा झाला असता.

ओल्या लाकडाचं वजन हा विषय कुणी आधी सांगत नाही. ताजा लॉबलॉली घनफुटाला पन्नास पौंडांच्या वर भरतो. आठ फुटी, बारा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे सत्तर पौंडांच्या आसपास, बत्तीस-तेहेतीस किलो एकेक. मशीनवरून फळी उचलून रचायला दोन माणसं तुमची लागतात, ते एकटे मशीन चालवतात, रचणार नाहीत. नवरा आणि त्याचा मित्र दिवसभर उचलत होते, जाड हातमोजे घालून, तरी कपडे राळेने गेले ते गेलेच.

आणि खरं काम मशीन गेल्यावर सुरू होतं. फळ्या एकावर एक ठेवल्या की उन्हाळ्यात आठवड्यात बुरशी धरते. मध्ये सारख्या जाडीच्या, कोरड्या, एक इंची पट्ट्या लागतात, दर सोळा ते चोवीस इंचांवर एक, आणि वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एका रेषेत, खाली काँक्रीटचे ब्लॉक एकदम लेव्हलमध्ये, जमिनीपासून फूटभर वर. वर पत्रा, त्यावर वजन. बाजूंनी ताडपत्री गुंडाळायची नाही, वारा लागला पाहिजे. पट्टी एखादी इंचभर सरकलेली असेल तर फळी तिथेच लाट धरून वाळते. बाबांनी इथे सूत्रं हातात घेतली, देवरुखला त्यांनी हेच केलेलं, ओळंबा नव्हता तर दोरीला नट बांधून प्रत्येक पट्टी रेषेत आहे का ते बघत होते. आमची रास सॉमिलवाल्यांनी नंतर फोटोत बघितली आणि विचारलं, ही कुणी रचली?

एका इंचाला एक वर्ष हा नियम ऐकला असेल, तो ओक-बिकला ठीक आहे, पाइन त्यापेक्षा पुष्कळ लवकर वाळतो. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅब ह्या सरकारी लाकूड-संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे एक इंची सदर्न पाइन हवेवर ३० ते १५० दिवसांत वाळतो, मोसमावर अवलंबून. दोन इंचीला अर्थातच जास्त. पण हवेवर वाळून इकडच्या दमट हवेत तो बारा-पंधरा टक्के ओलाव्यावर थांबतो, त्याच्याखाली जात नाही. घरातल्या एसीत राहणाऱ्या फर्निचरला आठ-नऊ टक्के हवा. म्हणून घरात आणायचं असेल तर भट्टी, म्हणजे किल्न. आणि किल्नमध्ये तापमान १६० डिग्री फॅरनहाइटपर्यंत नेलं पाहिजे, नाहीतर राळ घट्ट होत नाही आणि पुढे टेबलावर ऊन पडलं की गाठीतून चिकट थेंब येत राहतात. आधी विचारून घ्या, लहान डीह्युमिडिफायर किल्नवाले सगळे इतकं तापवत नाहीत. त्या तापमानाला किडे आणि अंडीही मरतात, ओल्ड हाउस बोअरर नावाचा एक भुंगा ह्याच लाकडात कित्येक वर्षं लपून बसतो आणि घरातून मग बाहेर निघतो, त्यामुळे किल्न न करता पाइन घरात आणू नका असं मी ठामपणे सांगेन. आम्ही फक्त जाड फळ्यांतल्या निवडक किल्नला दिल्या, बाकीच्यांना बोरेटचं, म्हणजे कीड-बुरशी रोखणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचं, पाणी फवारलं, ते ओल्या लाकडात छान आत मुरतं.

डेकचं काय झालं? डेक झाला नाही. डेकला सहसा परमिट लागतं आणि परमिटच्या कामात भार पेलणाऱ्या लाकडावर साधारणपणे ग्रेडिंग एजन्सीचा, म्हणजे लाकडाची प्रत ठरवणाऱ्या संस्थेचा, शिक्का मागतात. घरी चिरलेल्या लाकडावर शिक्का नाही, मग ते कितीही चांगलं असो, इन्स्पेक्टर विचारणारच, आणि बाहेर उघड्यावर ते प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेलं, नसल्यामुळे टिकणारही नाही. म्हणून ह्या लाकडाने डेक, बाल्कनी, घराचे जॉइस्ट ह्या विचारात असाल तर इथेच थांबा. छोट्या शेडचे नियम काउंटीनुसार, एचओए म्हणजे वसाहतीच्या सोसायटीनुसार बघून घ्या. आमचं झालं ते असं, मागच्या छपरीला खांब, गॅरेजमध्ये जाड फळ्यांचं वर्कबेंच, एक लांब बाक, आणि देवघर. देवघर बाबांनी मागे लागून करून घेतलं, पाइनचं कसलं देवघर म्हणणारे तेच आणि किल्नहून आलेल्या फळीवर पहिला रंधा मारल्यावर निघालेली ती लालसर-पिवळी रेघांची नक्षी बघून, "हिचं देव्हाऱ्याला दार कर" म्हणणारेही तेच.

भाज्यांच्या वाफ्यांसाठी दोन इंची फळ्या बऱ्याच जण काढतात. होतं, पण काही वर्षांत कुजतात हे धरून चाला. बोरेट मारलेल्या फळ्या तिथे वापरू नका, पावसाने ते धुवून जातं आणि मातीत जास्त बोरॉन झाडांना सोसत नाही.

आता एक कळकळीची विनंती, झाड पाडायच्या आधी हे सगळं ठरवा, नंतर नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी सुंदर, चोवीस इंची पाइन होता, मिल बोलवायची ठरवून झाली होती, पण झाड पाडणाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही आणि त्यांनी सवयीने सोळा सोळा इंचांचे सरपणाचे तुकडे करून ठेवले. संपलं. त्यांना आधीच सांगा, साडेआठ फुटांचे तुकडे हवेत, आठ फुटांवर ते सहा इंच जास्तीचे, टोकाचे तडे छाटायला. ओंडके उचलून ड्राइव्हवेजवळ, दोन आडव्या लाकडांवर, जमिनीला न टेकता ठेवून द्या असंही सांगा. त्यांच्याकडे स्किड स्टीअर, म्हणजे ओंडके उचलणारं छोटं लोडर मशीन, असतं, त्यांना दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला ते जमणार नाही, सोळा इंची आठ फुटी ओला ओंडका सहाशे पौंडांचा असतो. ओंडक्यांच्या तोंडांना त्याच दिवशी एंड सीलर, म्हणजे टोकं भराभर वाळून तडकू नयेत म्हणूनचा लेप, लावा. आणि सॉमिलवाल्याची तारीख आधी घ्या, मग झाड पाडणाऱ्याची, उलटं नाही, कारण सॉमिलवाले महिना-महिना बुक असतात आणि तोवर जून-जुलैत तुमचा पाइन निळा झालेला असेल.

चेनसॉला जोडायची अलास्कन मिल स्वतः विकत घेऊ का असंही एकाने विचारलं. एखादा मोठा स्लॅब काढायला ठीक आहे, पण चेन जाड असते, प्रत्येक चिरीत पाव इंचाहून जास्त लाकडाचा भुसा होतो, आणि रोज ऑफिसात बसणाऱ्या माणसाने दिवसभर वाकून चेनसॉ धरणं मला धोक्याचं वाटतं. तीन झाडांसाठी नको.

सर्व्हिसमधल्या त्रुटी विचाराल तर फोनला लवकर उत्तर नाही, मेसेज तर बघतच नाहीत, पावसाने एकदा तारीख पुढे गेली. कार्ड घेत नाहीत, चेक किंवा कॅश. भुसा आणि सालीचे स्लॅब तुमच्याकडेच राहतात, ते आधी माहीत हवं, आमच्याकडे भुशाचा एवढा ढीग झाला की पायवाटांवर घालून संपवला, ताज्या पाइनचा भुसा भाज्यांच्या मातीत कालवायचा नाही, नायट्रोजन खेचतो. आवाजही मोठा आहे, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

आमच्या कुंपणापाशी चौथा पाइन आहे, शेजाऱ्यांच्या बाजूला चांगलाच कललेला, तोही ह्या थंडीत पाडायचाय. जाता जाता सॉमिलवाल्यांना तो दाखवला होता. कललेलं झाड स्वतःला सावरायला एका बाजूने जाड कड्या धरतं, त्या बाजूचं लाकूड वाळताना वेगळंच आखडतं आणि फळी धनुष्यासारखी होते, कितीही वजन ठेवा. त्यांनी खोडाचा बाक खालून वर बघितला आणि म्हणाले ह्याला मी येणार नाही. म्हणून तो चिपरला जाणार आहे, झाडवाल्याला तसं सांगून झालंय.